माणूस समोर बसवून चित्र काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. रविवारी सकाळी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जमतो आणि एकमेकांना समोर बसवून चित्रं काढतो. कास्तकार आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बारावीची पोरं आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत. आसपासच्या गावांतून, आणि आता वाशिम-चंद्रपूरकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. मले चित्र येतच नाही. तरी येऊ का?

या. "चित्र येत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना एवढंच सांगायचं असतं की शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली नव्हती. त्या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे पेपर असतात. जिवंत माणूस समोर बसवून काढायचा पेपर त्यांत नसतो. त्यामुळे ए ग्रेड मिळवलेला मुलगा आणि पेन्सिल फक्त हिशोबापुरती धरलेली बाई, दोघांनाही आमच्याकडे जवळपास एकाच ठिकाणाहून सुरुवात करावी लागते. वयाची अट नाही. हात थरथरत असेल तर कागद मोठा घ्या, पेन्सिलीऐवजी कोळसा घ्या आणि मनगटापेक्षा खांद्यातून हात फिरवा. लांब रेषेत थरथर फारशी उरत नाही.

२. सामान काय लागतं? आमच्या तालुक्याला नुसती एचबी पेन्सिल मिळते.

एचबीने सुरुवात होते. पुढे जिल्ह्याला जाणारं कोणी असेल तर त्याच्याकडून २बी, ४बी आणि ६बी मागवा, कारण एचबी कितीही दाबली तरी केसांचा आणि सावलीचा काळेपणा येत नाही, कागद मात्र चमकायला लागतो. परीक्षेचं पॅड आणि दोन क्लिपा म्हणजे ड्रॉइंग बोर्ड झाला. सरावाला एका बाजूने कोरे राहिलेले कागद पुरतात. ग्रामपंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात मागितले तर मिळतात. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागदही उत्तम. त्याचा रंग मधल्या छटेचा असतो, म्हणून काळ्या कोळशाने सावली आणि पांढऱ्या खडूने उजेड एवढंच करावं लागतं. महागड्या वह्या सुरुवातीला घेऊच नका. कोरा महाग कागद समोर असला की हात आखडतो.

३. कोळसा घरी करता येतो का?

येतो, आणि आपल्याकडे त्याला लागणारं सगळं वावरात पडलेलं असतं. तुरीच्या वाळलेल्या, सरळ, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडा. साल सोला, बोटभर लांबीचे तुकडे करा आणि पत्र्याच्या डब्यात गच्च भरा. झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाडा. डबा चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवला की भोकातून दाट धूर निघतो. धूर थांबला की डबा बाहेर काढा आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. गरम असताना उघडला तर हवा आत शिरते, काड्या पेटतात आणि हाती राख येते. अर्ध्या जळालेल्या काड्या तपकिरी राहतात आणि कागदावर खरवडतात; त्या पुन्हा डब्यात घाला. प्लास्टिकचा लेप किंवा रंग असलेला डबा घेऊ नका.

कोळशाचं चित्र हात लागला की पुसलं जातं. दुकानात फिक्सेटिव्हचा, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा, स्प्रे मिळतो, तो अंगणात उभं राहून मारा. तो नसेल तर चित्रावर बटर पेपर ठेवून सपाट जागी ठेवा, गुंडाळी करू नका.

४. आमच्या गावात कोणी मॉडेल म्हणून बसत नाही. मंग काढायचं कोणाले?

एकमेकांना. आमच्या गटाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे: जो काढतो तो बसतो. पाळी चुकवता येत नाही. सुरुवातीला सगळे लाजतात, हसतात, पदर सावरतात. पण वीस मिनिटं न हलता बसून पाहिलं की मान कुठे अवघडते, नजर कुठे ठेवायची आणि समोरचे आठ जण आपल्या चेहऱ्याकडे बघताना आत काय होतं ते कळतं. असं बसून आलेला माणूस पुढच्या वेळी मॉडेलला "हलू नका ना" असं खेकसून सांगत नाही.

घरच्यांनाही बसवा. सावळाराम हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पाहायला लांबून लोक येतात. त्यासाठी दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी होती. आपल्या घरी आजी तांदूळ निवडते तेव्हा अर्धा तास एका जागी असते. कोणीच नसेल तर भिंतीवरचा आरसा आहे, आणि स्वतःचा डावा हात तर कायम मोकळाच.

बाहेरच्या माणसाला बसवलं तर पैसे द्या. मजुरीचा दिवस बुडवून कोणी आपल्यासमोर बसत असेल तर त्या हंगामातल्या मजुरीच्या हिशोबाने तासाचे पैसे द्यायलाच हवेत. चहावर भागवू नका.

५. बाजारात, एसटी स्टँडवर काढायला बसलो तर माणसं हलतात. कसं काढायचं?

हलणारी माणसं काढायलाच तिथे जायचं असतं. अर्ध्या मिनिटात एक माणूस, असं धरा. चेहरा, बोटं, बटणं सगळं सोडून द्या. डोक्यापासून ज्या पायावर भार आहे त्या पायापर्यंत शरीराचा वाक एका रेषेत पकडा, मग खांद्यांचा आणि कमरेचा तिरपेपणा. थैला उजव्या हातात असेल तर उजवा खांदा खाली ओढला जातो आणि अंग डावीकडे झुकतं. एवढं आलं तर माणूस आला.

पुन्हा पुन्हा होणारी कामं शोधा. सूप पाखडणारी बाई, निंदण करणाऱ्या बाया, कापूस वेचताना बोंडाकडे जाणारा हात, चहाची चाळणी आपटणारा टपरीवाला. एकाच कागदावर तीन-चार अर्धवट आकृत्या सुरू करा. ती हालचाल परत आली की त्या त्या आकृतीत थोडी भर घाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मित्रांना तर आम्ही नेहमी सांगतो की झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालमी गाठा. एकच प्रवेश पुन्हा पुन्हा होतो, आणि नट हातवारे मोठे करतात कारण शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला हवेत. परवानगीचं काय, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. एका पोझमध्ये किती वेळ बसवायचं?

आम्ही आधी एकेक मिनिटाच्या काही पोझेस घेतो, मग पाच मिनिटांच्या, आणि शेवटी वीस मिनिटांची एक बैठक. ती पुढे वाढवायची असेल तर मध्ये पाच मिनिटं सुट्टी. सुट्टीआधी पाय, हात आणि पाट जिथे टेकलेत तिथे खडूने खुणा करा, म्हणजे परत तसंच बसता येतं. उभी पोझ कमी वेळाची ठेवा आणि उभ्या माणसाला गुडघे ताठ आवळू देऊ नका. तसं केल्याने भोवळ येऊन माणूस पडू शकतो. मॉडेलने "बस" म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, चित्र कितीही जमत आलं असलं तरी.

७. डोकं केवढं, धड केवढं, याचं काही माप आहे का?

उभा मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. वर्षभराचं मूल चार डोक्यांच्या आसपास. म्हणूनच लहान मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस, असं काढलं की ते विचित्र दिसतं.

पुस्तकांत उभ्या माणसाचंच माप असतं. आपल्याकडे माणसं मांडी घालून बसतात. तेव्हा जमिनीपासून टाळूपर्यंत साधारण चार डोकी धरा आणि गुडघे बाजूला किती पसरलेत ते नीट मोजा. नवखे लोक गुडघे हमखास आत ओढून ठेवतात.

चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. हे कोणालाच पटत नाही, सगळे डोळे वर काढतात आणि कपाळ व टाळू गायब होते. टोपी किंवा फेटा असला तर ही चूक आणखी वाढते, म्हणून आधी टोपीच्या आतलं डोकं हलक्या रेषेत पूर्ण काढा आणि मग त्यावर टोपी बसवा. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. तळहाताच्या मुळापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत पोचतो; स्वतःच्या चेहऱ्यावर आत्ताच ठेवून बघा.

ही मापं सरासरी आहेत. समोरचा माणूस त्यांच्यापासून कुठे वेगळा आहे ते दिसावं, एवढ्यासाठीच ती पाठ करायची.

८. चेहरा माणसाचा येतो, पण त्या माणसाचा येत नाही. काय चुकतं?

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची येतात.

बहुतेक जण डोळ्यापासून सुरुवात करतात. एक डोळा पापण्यांसकट सुंदर काढतात, मग दुसरा, मग नाक, आणि शेवटी हे सगळं जिथे बसायला हवं त्या डोक्यातच जागा उरत नाही. साम्य डोळ्यांच्या नक्षीत नसतं. आपण ओळखीचा माणूस बांधावरून लांबून येताना ओळखतो तेव्हा त्याचे डोळे दिसत नसतात. डोक्याचा आकार, मानेचा कल, खांद्यांवर डोकं कसं ठेवलंय, यावरून ओळखतो. म्हणून आधी डोक्याचा बाहेरचा आकार: लांबट, चौकोनी, खाली निमुळता? मान पुढे आलेली आहे का? मग डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील गळून पडतात आणि सावलीचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. डोळ्याच्या खोबणीतली, नाकाखालची, हनुवटीखालची सावली. ते तुकडे योग्य आकारात, योग्य जागी बसले की डोळे न काढताही घरचे लोक नाव सांगतात.

त्यानंतर अंतरं मोजा. हात सरळ ताणून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा आणि नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर अंगठ्याने पेन्सिलीवर धरून ठेवा. तेच अंतर कपाळावर कितीदा बसतं? कोपर वाकलं की माप बदलतं, इथेच गफलत होते. नाक आणि वरच्या ओठामधली जागा आवर्जून तपासा. माणसामाणसांत ती फार वेगळी असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

शेवटी चित्र आरशात बघा किंवा उलटं धरा. घटकाभरापूर्वी न दिसलेला वाकडेपणा लगेच दिसतो. मोबाइलवर फोटो काढून तो आडवा पलटवला तरी चालतं.

एवढं करूनही त्या दिवशी साम्य येत नसेल तर खोडत बसू नका. त्याच माणसाचं दुसऱ्या कागदावर पुन्हा काढा.

९. सावळा रंग पेन्सिलीने काढला की चेहरा मळकट दिसतो.

दोन कारणं. पहिलं म्हणजे बोटाने घासणं. बोटाला तेल असतं, ते कागदात मुरतं आणि शिसं डागासारखं पसरतं. घासायचं असेल तर सुती कापडाचा तुकडा वापरा. दुसरं कारण मोठं आहे. आपण पांढऱ्या कागदाला त्वचा समजतो आणि तिच्यावर फक्त सावल्या ठेवतो. सावळ्या माणसाच्या बाबतीत तसं केलं की गोऱ्या चेहऱ्याला काजळी लागल्यासारखं दिसतं. आधी पूर्ण चेहऱ्यावर एकसारखी मधली छटा द्या, ४बीच्या आडव्या शिशाने, हलक्या हाताने. कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ इथला उजेड खोडरबराने त्या छटेतून उचला. सावळ्या त्वचेवर, त्यातही घामेजलेल्या, उजेडाचे ठिपके लहान आणि धारदार असतात. तेच चेहऱ्याला गोलाई देतात. डोळ्यांतला पांढरा भाग कोरा सोडू नका, तोही पापणीच्या सावलीत असतो. पांढरी टोपी किंवा सदरा असेल तर त्याच्या छटा चेहऱ्याबरोबरच करा, नाहीतर चेहरा किती गडद हवा याचा अंदाज चुकतो.

चित्र "थोडं उजळ करून द्या" अशी मागणी येते. आम्ही करत नाही. माणूस समोर बसला आहे तो जसा आहे तसा सुंदर दिसतो, आणि तो तसा दिसेल असं काढणं हे आमचं काम आहे.

१०. आजीच्या सुरकुत्या काढल्या की ती आहे त्याहून म्हातारी दिसते.

सुरकुती ही रेघ नाही, ती त्वचेची घडी आहे. एक बाजू उजेडात, एक सावलीत. काळी रेघ न मारता एका बाजूला मऊ छटा द्या आणि दहातल्या दोनच सुरकुत्या स्पष्ट ठेवा. गोंदण मात्र पूर्ण काढा. हिरवट करड्या ठिपक्यांचा तो आकार आजीने जन्मभर वागवला आहे. लुगड्याच्या आणि धोतराच्या चुण्यांनाही हाच नियम. कापड खांद्यावर, गुडघ्यावर, कमरेला जिथे ताणलं जातं तिथूनच त्या निघतात, म्हणून आधी आतलं अंग समजून घ्या.

११. मे महिन्यात कसं बसता?

सकाळी सहा ते साडेआठ. पारा ४५ च्या घरात गेला की त्यानंतर कोणालाही बसवणं धोक्याचं आहे. उन्हाळा असो की थंडी, उत्तरेकडे तोंड असलेली ओसरी किंवा खिडकी निवडा. तिथे थेट ऊन फारसं येत नाही आणि सावल्या फारशा फिरत नाहीत. निंबाखाली कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके दिसतात, म्हणून तिथे चेहरा काढणं नवख्याला जड जातं. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, घामाने चित्र ओलं होत नाही. पावसाळ्यात कागद सादळतो; पत्र्याच्या पेटीत ठेवा.

१२. कोणाचंही चित्र न विचारता काढलं तर चालतं का?

गर्दीतली पाठमोरी, पुसट आकृती काढली तर कोणाला त्रास होत नाही. ओळखू येईल असा चेहरा काढायचा असेल तर आधी विचारा. बाया-मुलींच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय पेन्सिल उचलायचीच नाही, आणि लहान मुलांसाठी आईबापाला विचारायचं. काढायला हो म्हणणं म्हणजे मोबाइलवर टाकायला हो म्हणणं नाही. ते वेगळं विचारा. चित्र झाल्यावर समोरच्याने "हे ठेवू नका" म्हटलं तर ते त्याच्या हातात द्या. वाद घालू नका.

१३. मुलीला पाठवायचं आहे, पण घरचे तयार नाहीत.

घरच्यांना एका रविवारी सोबत आणा. आम्ही उघड्या व्हरांड्यात बसतो, येणारे-जाणारे बघत असतात. मुलींना मुलांसमोर मॉडेल म्हणून बसायचं नसेल तर त्या बायकांच्या वर्तुळात बसतात. आमच्याकडे तसं वेगळं वर्तुळ असतं. बसलेल्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कोणी काढत नाही. बऱ्याच आया एकदा बघायला आल्या आणि नंतर स्वतःच कागद मागून बसायला लागल्या.

१४. कला महाविद्यालयात विवस्त्र मॉडेल असतात म्हणे. त्याशिवाय शरीर कसं शिकायचं?

काही कला महाविद्यालयांत तसा अभ्यास होतो, तिथे त्याचे नियम असतात आणि तो गंभीर अभ्यास आहे. खेड्यातल्या खुल्या गटात आम्ही तो करत नाही आणि कोणी करू नये असंच आमचं मत आहे, कारण बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी याच गावात वावरायचं असतं.

पर्याय मात्र भरपूर आहेत आणि आपल्या मातीतले आहेत. आखाड्यात जा. वस्तादांना विचारून कोपऱ्यात बसा. लंगोटातला पैलवान जोर-बैठका मारतो तेव्हा खांद्याचा, पाठीचा, मांडीचा प्रत्येक स्नायू ताणताना आणि सैल पडताना दिसतो. स्थिर मॉडेलमध्ये हे दिसत नाही. विदर्भाला व्यायामशाळांची मोठी परंपरा आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. कबड्डीचं मैदान, पोहायला उतरलेली पोरं, नांगर धरलेले उघड्या पाठीचे कास्तकार, सगळीकडे शरीर आहे. विचारूनच (प्रश्न १२).

१५. दुसऱ्याच्या चित्रावर काय बोलावं? नुसतं "मस्त" म्हटलं तर चालतं का?

चालत नाही. त्यातून काढणाऱ्याला काहीच मिळत नाही. आमच्याकडे आधी त्याला विचारतात, तू काय पकडायला बघत होतास? मानेचा वाक म्हणाला तर मानेबद्दलच बोलायचं. तो पोचलाय की नाही, कुठे अडला. मग पुढच्या वेळी करून बघण्यासारखी एकच गोष्ट सांगायची. पाच सांगितल्या की माणूस घरी जाऊन पेन्सिल ठेवून देतो. दुसऱ्याच्या कागदावर न विचारता रेघ मारायची नाही. दाखवायचं असेल तर बाजूच्या कागदावर. "त्याचं बघ कसं जमलं" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे.

माणसांची चित्रं काढणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. चित्राबद्दलचं बोलणं बसलेल्या माणसाला लागतं. "नाक केवढं मोठं आलंय" असं कोणी म्हटलं की समोरच्या काकू नाकावर पदर घेतात. म्हणून "चित्रात नाक हनुवटीच्या मानाने लांब झालंय" असं म्हणा. कोणाच्या रंगावर, दातांवर, अंगावर शेरा मारला तर त्या दिवशी त्याला घरी पाठवतो, मग तो कितीही चांगला काढत असो.

१६. फोटोवरून सराव केला तर?

करा, पण बैठकीच्या जोडीला. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करा. एका खिडकीचा उजेड ठेवा, फ्लॅश नको. फ्लॅशने सावल्या पुसल्या जातात आणि प्रश्न ८ मधलं काहीच करता येत नाही.

१७. वडील गेले. आधार कार्डाचा फोटो सोडून दुसरा नाही. तेरवीला ठेवायला चित्र होईल का?

होईल. घाईने फोटो मोठा करून चौकटी आखायला बसू नका. आधी घरच्यांसोबत बसा. ते कोणत्या बाजूला मान कलवायचे, दुपट्टा डोक्याला बांधायचे की खांद्यावर टाकायचे, हसताना कोणता गाल आधी वर जायचा, हे विचारा. कोणाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत मागे उभे असतील तर तोही मागवा. तोंडवळा सारखा असलेल्या भावाला किंवा मुलाला त्याच उजेडात बसवलं तर कानाची, जबड्याची रचना त्याच्यावरून समजते. मग चौकटी आखून लहान फोटोची मापं मोठ्या कागदावर न्या. फोटोत जे दिसतच नाही ते मनाने रंगवू नका, सावलीत सोडा. काम करताना पहिला मसुदा घरातल्या एकाच माणसाला दाखवा; दहा जणांच्या आठवणीतले दहा चेहरे असतात. अशा चित्राचे आम्ही पैसे घेत नाही. तुम्ही घेतलेत तर त्यात गैर काही नाही.

१८. गाडगे बाबा, तुकडोजी महाराज, बाबासाहेब यांची चित्रं काढताना?

कॅलेंडरवरच्या चित्रावरून काढू नका, ती नकलेची नक्कल असते. मूळ छायाचित्रं शोधा आणि एका वयातलीच एकत्र ठेवा. तरुण बाबासाहेब आणि १९५६ सालचे बाबासाहेब यांचे चेहरे एकत्र मिसळले की कोणाचाच चेहरा राहत नाही.

१९. नागपूरला चित्रकला शिकायला जायचं असेल तर?

नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. बीएफएसाठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. स्मरणचित्रात माणसांची गर्दी हमखास काढावी लागते, तिथे प्रश्न ५ मधला सराव थेट कामाला येतो. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे.ला जाण्याआधी नागपूरच्याच कलाशाळेत शिकले होते.

२०. पैसे घेऊन काढलेलं चित्र मी स्पर्धेत पाठवू शकतो का? हक्क कोणाचा?

इथे पुष्कळ जण फसतात. एरवी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा असतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट ज्याने पैसे देऊन ते करून घेतलं त्याचा. म्हणजे सरपंचांनी पैसे देऊन स्वतःचं चित्र करून घेतलं तर त्याच्या प्रती छापायला त्यांची परवानगी लागते. ऑर्डर घेतानाच एका साध्या कागदावर लिहून घ्या: मूळ चित्र कोणाकडे राहील, प्रदर्शनात आणि स्पर्धेत ठेवता येईल का, फोटो कुठे टाकता येईल. दोघांच्या सह्या आणि तारीख. रविवारच्या बैठकीत पैसे न घेता एकमेकांची काढलेली चित्रं या कलमात येत नाहीत, तरी ती बाहेर दाखवताना प्रश्न १२ लागू आहेच.